वैद्य आणि चोर

टेंभुर्णीला चहासाठी बस थांबली तेव्हा इरफानचा फोन आला. "सुनंदावहिनी गेल्या रे," एवढंच म्हणाला. पुण्याहून मी त्यांनाच भेटायला निघालो होतो... कंडक्टरनं हाका मारल्या तेव्हा कुठे मी पुन्हा गाडीत चढलो.

सोलापुरात नवी पेठेमागच्या इमारतीत त्या आमच्या समोरच्या घरात राहायच्या. माहेर करकंबचं. लग्नानंतर शाळेत गणित शिकवायच्या, पण सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि नोकरी सुटली. त्यांचे यजमान वसंतदादा सकाळी कापडाच्या दुकानात जायचे ते रात्रीच यायचे, रविवारीसुद्धा. सासूबाईंना भरवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची. हाकेच्या पलीकडे जायची सोयच नव्हती. भाजीसुद्धा वहिनी बाल्कनीतून दोरीला पिशवी बांधून वर घ्यायच्या.

पुण्यात शिकताना मी एक खेळ शिकून आलो होतो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं आणि अडेल तिथं फासे टाकून निकाल लावायचा. प्रत्येक पात्राचा एक वर्ग असतो: योद्धा, जादूगार, वैद्य, चोर. पात्र एकेक पायरी चढतं तशी त्या वर्गाची विद्या वाढते. मी आणि बँकेतला माझा मित्र इरफान रविवारी दुपारी खेळायचो; गोष्ट मी सांगायचो. तिसरं कुणी मिळेना, म्हणून वहिनींना विचारलं. "खेळते की," त्या म्हणाल्या, "पण हितंच, माझ्या घरी."

त्या वैद्य झाल्या. इरफानचा योद्धा जखमी व्हायचा आणि त्या त्याला उभा करायच्या. आतून हाक आली की फासे मुठीत धरूनच उठायच्या, परत येऊन विचारायच्या, "कुटं होतो आपण?"

एकदा त्यांच्या पात्रानं नवी पायरी गाठली. त्या म्हणाल्या, "आता चोराचा वर्ग घेते." नियमात ते बसतं, एका वर्गाची वाढ थांबवून दुसऱ्याची पहिली पायरी घेता येते. इरफान मात्र हबकला. "वहिनी, आता कुठं मोठी विद्या मिळणार होती. दोन वर्ग घेतले की दोन्ही कच्चे राहतात ना!"

"राहू दे कच्चे. बरं करणं माझं रोजचं हाय. मला कुलूप उघडायचंय."

पुढे गोष्टीत मी वहिनींच्या पात्राला आणि इरफानच्या योद्ध्याला एका किल्ल्याच्या तळघरात अडकवलं. योद्धा बेशुद्ध. वहिनींनी फासे टाकले आणि कुलूप उघडलं... त्यांचं पहिलंच. पहारेकरी येत होते. मी म्हटलं, "एकट्या निघालात तर सुटाल."

"बाहेर काय काय दिसतंय?"

मी सांगत गेलो. ओढा, चिंचेची झाडं, दूरवर जाणारी पायवाट. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हा पडलाय की हितं. मी मागं फिरते."

"जावा वहिनी, खेळच तर आहे," इरफान म्हणाला.

"खेळात तरी कसं जायचं, भावजी?" पहारेकऱ्यांनी दार पुन्हा लावून घेतलं.

सासूबाई गेल्या. आम्हाला वाटलं, आता वहिनी मोकळ्या झाल्या. पुन्हा शाळेत विचारायला जाणार होत्या. पण तेवढ्यात त्यांच्याच पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि त्याच खोलीत, त्याच पलंगावर त्यांना निजावं लागलं. माझी पुण्याला बदली झाली होती. भेटायला यायचो तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत.

गेल्या रविवारी मी आणि इरफान दादांकडे गेलो. दुकान बंद ठेवून ते घरीच बसले होते. म्हणाले, "तुमचा तो खेळ मलापण शिकवा. ती जे व्हायची तेच करा मला."

"वैद्य की चोर?" मी विचारलं.

दादा बघतच राहिले. "चोर? आमची सुनंदा?"

मग इरफाननं त्यांना सगळं सांगितलं. तो दुसरा वर्ग, ते तळघर, ते उघडलेलं कुलूप. दादा खाली मान घालून ऐकत होते. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, पलंगावरची चादर अजून तशीच होती.

"मग?" त्यांनी विचारलं. "नंतर कधी गेली का ती बाहेर?"

इरफाननं माझ्याकडे पाहिलं.

"नाही दादा," मी म्हटलं.