मामाचं समुद्राशी भांडण

समुद्राशी खाजगी वैर असलेला माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात एकच, आणि तो माझा मामा. बरं, वैर धरायचं तर समुद्राजवळ राहावं, येता-जाता दोन शिव्या घालाव्यात. मामा राहतो मुरबाडला, म्हसा गावाच्या रस्त्यावर. समोर सिद्धगडाचा डोंगर, मागे भातशेती आणि मधोमध त्याची खानावळ, जिचं नाव 'किनारा'. गड उतरून दमून आलेली शहरी पोरं विचारतात, "काका, किनारा कुठेय?" मामा पातेल्यातून मान वर न काढता सांगतो, "येईल शोधत. तुमी जेवा लवकर."

भांडण जुनं आहे. मामाच्या आजोबांची खानावळ खरोखरच अलिबागकडे, अगदी किनाऱ्याच्या वाळूत, पुळणीवर होती. समुद्र दर वर्षी थोडी पुळण खायचा आणि आजोबा दर वर्षी चूल थोडी मागे घ्यायचे. मागे सरकायला जागा उरली नाही तेव्हा एका उधाणात चूल गेली, छप्पर गेलं आणि पंगतीसाठी शिजवलेला भातही टोपासकट गेला. जमिनीचं आजोबांना एवढं वाटलं नाही, पण न विचारता भात खाल्ला हे त्यांनी फार मनाला लावून घेतलं. पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही म्हणून ते सासुरवाडीला, मुरबाडला आले आणि इथे डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी खानावळीचं जोतं छातीइतकं उंच बांधलं. सुरुवातीला लोक देऊळ समजून पायरीला हात लावून पुढे जायचे. मामाच्या वडिलांनी तिथे माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकरीवर चांगला जम बसवला. पुढे खानावळीबरोबर वैरही वारसाहक्काने मामाकडे आलं.

मामाने ते इमानाने सांभाळलं. टेम्पोतून उतरलेल्या सुरमईकडे तो शत्रूच्या गोटातून फुटून आलेल्या माणसाकडे बघावं तसा बघतो आणि "सुटलीस एकदाची," असं पुटपुटत तिला हळद लावतो. नारळी पौर्णिमेला खानावळीमागच्या ओढ्यात नारळ सोडतो. कोळी हात जोडून सोडतात; मामा बोट दाखवून बजावतो, "घे, खा, आन् तिथंच बस." भरतीचं पाणी खाडीतून कल्याणपर्यंत येतं असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, तेव्हापासून पावसाळ्यात कल्याणहून आलेल्या गिऱ्हाइकाला खाडीची खबर दिल्याशिवाय ताट मिळत नाही. "कल्याणला पोचला म्हंजे मुरबाड कितीसं लांब रे?" असं तो मला अगदी गंभीरपणे विचारतो. मामी वैतागून म्हणते, "या मानसानं मला सगली देवलं दाखवली, पन चौपाटी म्हनून नाय दाखवली."

अशा या घरात मामाच्या एकुलत्या एका मुलीने, सुमीने, बॉम्ब टाकला. आसनगावला खोली घेऊन ती मुंबईच्या एका हॉटेलात कामाला जायची आणि तिथे स्वयंपाकात चांगली तयार झाली होती. ती परत येऊन गल्ल्यावर बसेल याची मामा वाट बघत होता. ती आली आणि म्हणाली, "बाबा, खानावळ मीच चालवनार. पन आपल्या जुन्या गावाला. दर्यावर."

मामा त्या दिवशी जेवला नाही. खानावळवालाच उपाशी, ही बातमी बाजारपेठभर झाली. मध्यस्थी करायला मला बोलावणं आलं. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "चूल दिली, भात दिला. आता पोर पन द्यायची का रे त्याला?" एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण परातीतलं मळून झालेलं पीठ तो पुन्हा पुन्हा मळत होता, आणि मला गलबलून आलं.

सुमी म्हणाली, "त्यानं नाय मागितली मला. मीच जाते. तुमी जन्मभर ज्याच्याशी भांडलात, त्याला कुनीतरी बघून तर घ्यायला पायजे."

मामाने हातातली भाकरी थापून तव्यावर टाकली. मग खाली मान घालूनच म्हणाला, "जोतं उंच बांध."

सुमीची खानावळ आता झोकात चालते. मामाने अजून तिकडे पाऊल टाकलेलं नाही, पण संध्याकाळी जरा उसंत मिळाली की तो तिला फोन लावतो. प्रश्न ठरलेला, "पानी कुठवर?" तिचं उत्तरही ठरलेलं, "लांब हाय बाबा. दिसत पन नाय." मी मध्यंतरी तिच्याकडे जाऊन आलो, तेव्हा उधाणाचं पाणी तिच्या खालच्या पायरीला लागत होतं. मामाला सांगू नकोस म्हणून तिने मला शपथ घातली.

त्यामुळे परवा मामाचा फोन चालू असताना मी शेजारी चोरासारखा बसून होतो. सगळ्यांची खुशाली विचारून झाली. "ठेवू का, बाबा?" सुमीने विचारलं. "थांब जरा," मामा म्हणाला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. पलीकडून लाटांचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू येत होता. मामाने फोनवर तळहात दाबून धरला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "पायरीशी आलाय रे तो."

"मग बोल ना तिला. खोटं सांगते म्हणून रागव."

"रागावलो तर ठेवंल ना ती," मामा म्हणाला आणि त्याने फोन पुन्हा कानाला लावला.