हनुवटीला हात न लावता

फोटोवालीचा स्टुडिओ आणि शिवणवालीचं दुकान यांच्यात एकच पातळ भिंत होती. वीस वर्षं दोघी भिंतीपलीकडूनच एकमेकींना हाका मारत आल्या होत्या.

शिवणवालीचा खालचा जबडा वयात आल्यापासून पुढे. पुढचे दात एकमेकांवर बसतच नसत. चाळिशीनंतर कानाजवळचा सांधा ठणकायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी दातांना तारा लावू, मग ऑपरेशन करून जबडा मागे बसवू. तारांचं दीड वर्ष तिने कळ सोसत काढलं. शेवटी डॉक्टरांनी जुने फोटो मागितले, आणि फोटोवाली मोठ्या दिमाखात वीस वर्षांचे फोटो घेऊन सोबत गेली.

डॉक्टर ते ओळीने लावून बघत राहिले. "चार वर्षांपूर्वीच्या फोटोतही जबडा जवळजवळ सरळ दिसतोय. म्हणजे हा आत्ता आत्ता वाढलाय का? मग वाढ थांबेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल."

फोटोवालीने पुढचा फोटो पालथा घातला. "वाढलेला नाही, डॉक्टर. मीच कमी करत आले. कॉम्प्युटरवर. दर वेळी थोडासा."

दोघी जिना उतरायला लागल्या. शिवणवाली म्हणाली, "मला वाटायचं, फोटोत तरी मी बरी दिसते. उगाच आरशावर राग काढला."

"अगं, प्रेमानंच केलं."

"तुझी कंबर मी कधी प्रेमानं कमी लिहिली? आहे ते माप घेते, म्हणून कपडा अंगाला बसतो."

मूळ फोटो फोटोवालीने जपून ठेवले होते; त्याच संध्याकाळी ते डॉक्टरांकडे पोचते केले. ऑपरेशनची तारीख तीच राहिली. शिवणवालीने मात्र अट घातली. "आता सगळं टिपायचं. फोटो, व्हिडिओ, आवाज, सगळं. हनुवटीला हात लावायचा नाही. एकदा जरी लावलास, तर यापुढे तू तुझ्या दुकानात, मी माझ्या."

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी शिवणवालीचा चेहरा असा सुजला होता की मान कुठे सुरू होते ते कळेना. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. फोटोवालीची बोटं शिवशिवली. निदान लाळ तरी पुसावी कॉम्प्युटरवर. तिने कॉम्प्युटर बंद केला आणि हात पदराखाली घेतले.

दोन्ही जबडे रबरांनी बांधलेले. शिवणवालीच्या सासूबाई पिचकारीने पातळ पेज भरवत. शिवणवाली काळ्या अस्तराच्या तुकड्यावर कापडाच्या खडूने लिही, "आणखी जवळून काढ." फोटोवालीला मात्र रान मोकळं मिळालं. एरवी तिचं एक वाक्य पुरं होऊ न देणारी मैत्रीण समोर मुकाट बसलेली. सहा आठवडे कॅमेरा हातात धरून ती दोघींच्या वाटचं बोलली.

रबरं सुटली, आणि आठवड्याभराने सासूबाईंसह तिघी स्टुडिओत रेकॉर्डिंग बघायला बसल्या. पहिल्याच मिनिटाला शिवणवाली म्हणाली, "थांबव. याचं उत्तर द्यायचं राहिलंय." दिलं. पुन्हा थांबव. पुन्हा उत्तर. तासाभरात कसाबसा दहावा दिवस आला.

मग पडद्यावर नुसती फरशी दिसायला लागली. कॅमेरा चुकून चालू राहिला होता. फोटोवालीचा आवाज येत होता, "झोपलीस ना? बरंय. तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत नाही. तुझी हनुवटी मला कधी खुपली नाही गं. लोक बघायचे ते खुपायचं. त्यांचं तोंड मला धरता येईना, म्हणून तुझं घासत बसले."

फोटोवाली उठून बंद करायला गेली. "हे चुकून राहिलं. काढून टाकते."

"खाली बस," शिवणवाली म्हणाली. अजून बधिर असलेल्या ओठांना हसणं नीट जमत नव्हतं. एक बाजू आधी वर गेली, दुसरी मागून आली. "मी झोपले नव्हते. आहे तसं राहू दे."

"झालं ना तुमचं?" सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आता पंधरावा दिवस लाव. मी स्वयंपाकघरात होते, माझ्याबद्दलचं अर्धंच ऐकू आलं होतं."