हवालदारांची तिरकी रेघ

हे लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळत आलो. कोणी हवालदारांचा विषय काढला की मी त्यांच्या गमती सांगायचो, लोक हसायचे, आणि खरी गोष्ट ओठांवर यायच्या आत मी चहा मागवायचो. गमती खऱ्याच होत्या. आमच्या देवळाली कॅम्पात शब्दांच्या बाबतीत त्यांच्याइतका कंजूष माणूस झाला नाही, आणि मनाने इतका उधळाही.

तोफखान्यात ते कारकून होते. सुभेदारी अगदी दारापर्यंत येऊन शेजारच्या घरी गेली आणि ते हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. फौजेतल्या कागदांनी त्यांना सगळं आखडून बोलायची खोड लावली होती. घरी आल्यावर ते ‘जे. वा.’ म्हणत, म्हणजे जेवण वाढ. वहिनी आतूनच ‘स्व. घ्या’ म्हणत, म्हणजे स्वतः घ्या. बाजारात माझं टायपिंग-छपाईचं लहानसं दुकान होतं. संगणक नवा होता आणि मी त्याला जरा बिचकूनच असायचो. हवालदार एकदा मुलीचा अर्ज टाइप करून घ्यायला आले आणि मग रोजच येऊ लागले. मजकूर लिहायच्या एडिटरमध्ये त्यांना त्यांच्या स्वभावाची गोष्ट सापडली होती. एखादा शब्द शोधून बदलता येतो हे मलाही माहीत होतं. पण शब्दाऐवजी शब्दाचा नमुना सांगता येतो, ‘अमुक अक्षराने सुरू, मध्ये काहीही, शेवटी तमुक’ असा, हे त्यांनी शोधलं. मग ते सगळा मजकूर आखडून टाइप करायचे, ‘नि. हव.’, ‘दे. कॅ.’, आणि एक कळ दाबली की पानभर ‘निवृत्त हवालदार’, ‘देवळाली कॅम्प’ असं उलगडत जायचं. तेव्हा त्यांचा चेहरा पोराची पहिली पावलं बघणाऱ्या बापासारखा व्हायचा.

हे वेड पुढे मंडईपर्यंत गेलं. एकदा भाजीवालीसमोर उभे राहून म्हणाले, “मावशी, मे-नं सुरू होणारी, थी-वर संपणारी, मधलं काही का असेना.” ती म्हणाली, “मेथी म्हणा ना सरळ! घ्यायची तर घ्या जुडी, नायतर सरका बाजूला, लय गिऱ्हाईक हाय.” हवालदार खूश. नमुना बरोबर सापडला होता.

मलाही ते शिकवायचे. “मालक, टिंब लय बेरकी हाय. या मशीनला टिंब म्हणजे टिंब वाटत नाय, ‘इथं कोणतंही एक अक्षर चालंल’ असं वाटतं. बिनओळखपत्राचा माणूस, कोणाच्याबी जागी घुसणार. त्याच्या आधी ही तिरकी रेघ मारा, मग तो गपगुमान टिंबच राहतो.” मी मान हलवली. माझं लक्ष एका लग्नपत्रिकेच्या वेलबुट्टीत होतं.

माजी सैनिकांच्या मेळाव्याची स्मरणिका त्यांनी अशीच आखडून टाइप केली आणि नातवाच्या जावळासाठी सटाण्याला गेले. जाताना म्हणाले, “नियम तयार हायेत. चालवा आणि छापा.” मी नियम उघडले. ‘सु.’ म्हणजे सुभेदार, या नियमात टिंबाआधी एक तिरकी रेघ दिसली. चुकून पडली असेल असं वाटून मी ती पुसली. पहिल्या पानावर ‘सु. पवार’चे ‘सुभेदार पवार’ व्यवस्थित झाले होते. पुढची पानं मी पाहिली नाहीत.

मेळाव्याला हवालदार सटाण्याहून परतले होते, मीही गेलो होतो. स्मरणिका वाटली गेली आणि मंडपात हशा सुरू झाला. रेघ नसलेल्या टिंबाने ‘सु’पुढचं प्रत्येक अक्षर गिळलं होतं: सुनीताबाईंच्या ‘सुभेदारीताबाई’ झाल्या होत्या, सुमनताईंच्या ‘सुभेदारनताई’, आणि शुभेच्छांमध्ये आम्ही सर्वांच्या ‘सुभेदारदुःखात’ सहभागी होतो. हवालदारांचा एक जुना सोबती सगळ्यांसमोर ओरडला, “काय हवालदार, आपल्याला मिळाली नाही म्हणून बायकांना वाटली का सुभेदारी?” हवालदार आधी हसले. मग हातातली स्मरणिका त्यांनी खुर्चीखाली सरकवली.

तिथून ते मला घेऊन थेट दुकानात आले, नियम उघडला आणि पडद्यावरच्या टिंबावर बोट ठेवलं. “रेघ नाय मारली मी,” ते म्हणाले. “विसरलो. मालक, आमच्या वडलांचं असंच सुरू झालं होतं. आधी छोटंछोटं विसरायचे, मग आम्हाला विसरले.” मी शेजारीच उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, “होतं असं कधीकधी.”

त्यानंतर त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. वहिनी सांगायच्या, आता दाराला कुलूप लावलं तरी परत जाऊन तीनतीनदा बघतात. पुढे दोघं मुलीकडे सटाण्याला राहायला गेले. एकदा मनाचा हिय्या करून मी तिकडची बस पकडली. हवालदारांनी उठून माझा हात धरला आणि मी तोंड उघडायच्या आत मुलीला म्हणाले, “हे आमचे मालक. एवढा घोटाळा केला मी, दुकानाचं नाव घालवलं, पण एका शब्दानं बोलले नाय मला. असा माणूस मिळत नाय.” मुलीने वाकून नमस्कार केला. मी चहा घेतला, नातवाचं कौतुक केलं आणि परतीच्या बसमध्ये बसलो. पुन्हा जायचं ठरवत होतो, तोवर ते गेल्याचा निरोप आला.

हवालदारसाहेब, ती रेघ तुम्ही मारली होती. पुसली मी. तुमचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं.