श्रुतीने आबांना दिलेले मार्क

बायांनो, माझी नात श्रुती धुळ्याला डॉक्टरकी शिकते, सुट्टीला इथे पिंप्राळ्यात आली आहे. आमच्या ह्यांना चार दिवस ताप-खोकला. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, "माले काहीच नही व्हयनं!"

आज सकाळी ती त्यांचा हात धरून बसली. मला वाटलं, माया करते. ती गुपचूप श्वास मोजत होती!

मग तिने विचारलं, "आबा, आज वार कोणता?"

हे म्हणाले, "आज तुझ्या बापाचं लग्न."

मी पदर तोंडाला लावून हसले. जन्माचे थट्टेखोर ना हे!

श्रुती हसली नाही. "आजी, नीट बघ, ते थट्टा करत नाहीत. वयाचा एक मार्क, श्वास भरभर चाललाय त्याचा एक, भान हरपल्याचा हा तिसरा. आत्ताच न्यायचं."

मी म्हटलं, "अगं, वयाचा तर मलाही मिळेल, तो सोड की."

"न्यूमोनियात हे मार्क वाढले की धोका वाढतो, आजी."

आता ते ऑक्सिजनवर आहेत. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. पोरीचं कौतुक मनात मावत नाही बघा.

पण ज्यांच्या थट्टेवर मी पन्नास वर्षं हसले, ते आज खरंच भरकटले होते आणि मी हसतच राहिले. तुम्हाला कळलं असतं का गं?