बिबिजान चाचींच्या पंचवीस गोधड्या

बिबिजान चाची मूळच्या जुन्नरच्या. लग्न होऊन आमच्या वाडीत आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. शाळा तिसरीपर्यंत. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात. आधी काठाला पट्टी किती लागेल ते बघतात, मग पोटाला तुकडे किती लागतील ते. "ह्या दोन गोष्टी येगळ्या," म्हणतात. मी अंगणवाडीची ताई, बारावी पास. मला वाटायचं, यात सांगण्यासारखं काय आहे?

आमची खोली पंधरा फूट लांब, पंधरा फूट रुंद. पोरं पंचवीस. चाचींनी प्रत्येकाला बसायला तीन बाय तीन फुटांची गोधडी शिवून दिली होती. पाच ओळी, ओळीत पाच. भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोब्बर बसायच्या.

मग ही खोली ग्रामपंचायतीला मीटिंगसाठी आवडली. आम्हाला गोदामाशेजारची नवी दाखवली. लांबी पंचवीस फूट, रुंदी पाच. सदस्य सोमाजीभाऊंनी जुन्या खोलीच्या चारी भिंतींना सुतळी लावली, साठ फूट भरली. तीच नव्या खोलीला लावली. तीही साठ.

"बघा ताई, बोटभर कमी न्हाई. 'जागा जुन्याइतकीच मिळाली' असं लिहा आन् सही करा."

सही केली असती तर पोरं कायमची त्या बोळात गेली असती. मी गुणाकार मांडून दाखवला. पंधरा गुणिले पंधरा दोनशे पंचवीस, आणि पंचवीस पंचे सव्वाशे.

"कागदावरचं गणित पोरांना शिकवा," सोमाजीभाऊ म्हणाले. "सुतळी खोटं बोलत नाय."

माणूस भाविक. दर शनिवारी मारुतीला अकरा प्रदक्षिणा घालतो. मीही घालते. पण बाहेरून फेरी मारून गाभाऱ्यात किती माणसं मावतील ते सांगणं मला अजून जमलेलं नाही.

चाचींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सही उद्घाटनाला करते म्हणा. गोधड्या मी आणते."

उद्घाटनाला नऊच्या नऊ सदस्य आले. पाच फुटांच्या रुंदीत शेजारी दुसरी मावेना, म्हणून चाचींनी आतल्या टोकापासून दाराकडे एकापुढे एक गोधड्या अंथरल्या. आठ बसल्या. नववी उंबऱ्याबाहेर गेली. उरलेल्या सोळांचा ढीग अंगणात तसाच. आठ सदस्य आत बसले आणि सोमाजीभाऊ गळ्यात हार घालून दारात उभे राहिले.

"चाची, दुमडा की जरा गोधड्या!"

"गोधडी दुमडंल, भाऊ. तिच्यावरचं पोर कसं दुमडू?"

"अवो, पण सुतळी साठ फूट भरली व्हती!"

"भरंलच की. काठाची पट्टी दोन्हीला सारखीच. पोटाला तुकडे कमी लागत्यात. पोरं काय काठावर बसत्यात व्हय?"

आत बसलेले सदस्य गेणभाऊ ओरडले, "सोमाजी, तू भाईरच बस राव. तुजी जागा मापूनच दिलीय!"

मी सही केली नाही. पुढच्या मीटिंगला ठराव झाला : 'गोधड्या प्रमाणापेक्षा मोठ्या असल्यामुळे अंगणवाडी जुन्याच खोलीत ठेवावी.' सुतळीबद्दल एक अक्षर नाही.

आता ग्रामपंचायतीची मीटिंग त्या नव्या खोलीत भरते. टेबल टाकल्यापासून टोकाच्या माणसाला बाहेर जायचं झालं की सगळ्यांना उठावं लागतं. परवा सोमाजीभाऊंनी तिथं अंथरायला गोधडी सांगितली. चाचींनी निरोप धाडला, "लांबी सांगा, रुंदी सांगा."

त्यांनी सुतळीच पाठवली. चाचींनी तिनं पोरांच्या गोधड्यांचा गठ्ठा बांधला.