कारणाचा रकाना

सहा वर्षं मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगायची वेळ आली की विषय बदलायचा, चहाचं विचारायचं, नाहीतर चष्मा शोधायला उठायचं... हे मला छान जमतं. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, 'नुसतं उत्तर नको, पायऱ्या दाखवा' म्हणून मुलांना दटावलं, आणि स्वतःच्या बाबतीत नेमकी एक पायरी गाळून टाकली. ती आज लिहितो आहे, कारण ज्याला ती सांगायला हवी होती तो भालचंद्र मोहिते, माझा भालू, पाच आठवड्यांपूर्वी गेला.

बडोद्यातल्याच वासण्याहून त्याच्या शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि मी तुळशीला पाणी घालत होतो. 'अरविंदकाका, भालूकाका गेले' एवढंच ते म्हणाले. माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायची लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरवलं आहे. मला वाटलं, अरे, सीझन सुरू व्हायला नऊ दिवस होते की रे!

हा सीझन म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलचा. बडोद्यात जन्म काढलेल्या दोन म्हाताऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध, असं कोणीही विचारेल. माझा निखिल आणि भालूची मंजिरी एकाच वर्षी तिकडे शिकायला गेली. योगायोग असा, की दोघांची विद्यापीठं शेजारशेजारच्या राज्यांत होती आणि त्यांचं एकमेकांशी शंभर वर्षांचं फुटबॉलचं वैर. पहिल्या दिवाळीला निखिलने मला निळी टोपी पाठवली, मंजिरीने भालूला तांबडी. 'फुटबॉल म्हणतात आणि हाताने खेळतात, डोकं फिरलंय यांचं,' असं म्हणून आम्ही पहिला सामना बघायला बसलो. संपला तेव्हा काही कळलं नव्हतं, पण भांडण मात्र सुरू झालं होतं.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, हे गणित मला आठवड्यात उमगलं. भालूला महिना लागला, पण एकदा कळल्यावर तो थांबला नाही. कुठल्या गटात किती विद्यापीठं, कुणाचा गट दणकट, कुणाचा कोच पैशासाठी दुसरीकडे पळाला... सगळं त्याला पाठ. त्याचं मुख्य दुखणं होतं त्याच्या तांबड्यांचा कोच. तीन प्रयत्न झाले आणि अगदी यार्डभर अंतर उरलं, तरी चौथ्या वेळेला हा गृहस्थ धोका पत्करायचा नाही. बॉल लाथ मारून लांब पाठवायचा आणि खेळ समोरच्यांच्या हाती द्यायचा. 'हा कोच छे की कारकून?' भालू ओरडायचा. 'एक यार्ड रे! वासण्याच्या नाक्यावर म्हशीसुद्धा एवढी हिंमत करतात!' मी माझ्या निळ्यांची टोपी नीट करत म्हणायचो, 'भालू, भित्रा कोच मिळायलाही नशीब लागतं. आमच्या नशिबात नाही.' अकोट्याच्या बागेत सकाळी फिरतानाही आमचं हेच चाललेलं असे. एकदा जशूभाई नावाचे एक गृहस्थ आमच्या मधे येऊन हात जोडून म्हणाले, 'काका, शांति राखो ने! इलेक्शनने हजी वार छे.' निवडणुकीला अजून वेळ आहे म्हणे!

तिकडचा शनिवार संध्याकाळचा सामना म्हणजे आपली रविवार सकाळ. पावणेसहाला भालूची स्कूटर फाटकाशी थांबायची. माझी बायको शालिनी आमच्यासाठी आल्याचा चहा टाकून पुन्हा झोपायला जायची. आम्हाला ती 'दोन खुळे' म्हणायची. हरलेल्याने फाफडा-जलेबी आणायची आणि जिंकलेल्याच्या रंगाची टोपी घालून ती खायची, असा नियम होता. मी ती तांबडी टोपी फार वेळा घातली नाही. वर्षातला शेवटचा सामना या दोन संघांचा एकमेकांशी असे, आणि तो तर निळ्यांनी ओळीने जिंकलेला.

भालू नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होता. निवृत्त झाला तरी शिफ्टची नोंदवही त्याच्या हातून सुटली नाही. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर त्याने सामन्यांसाठी केलं होतं. रकाने तेच, वेळ, घटना, कारण, सही. 'घटना कोणीही लिहितो,' तो सांगायचा, 'पंप बंद पडला, लिहिलं. पण का पडला? कारणाचा रकाना रिकामा सोडून घरी गेलेला माणूस मी दुसऱ्या दिवशी गेटवर उभा करायचो.' त्यामुळे आमच्या रजिस्टरमध्ये सगळ्याला कारण असे. '६.४०. तांबड्यांच्या हातून बॉल सुटला. कारण : हाताला तूप.' '७.१५. निळे पुढे. कारण : पंच त्यांचा मामा.' मी एका रविवारी साडूकडे बारशाला गेलो, तर 'अरविंद गैरहजर. कारण : हरायची भीती.' इतक्या वर्षांत एकही रकाना त्याने मोकळा सोडला नाही. असं मला वाटत होतं.

मंजिरीने शिक्षण संपल्यावर तिकडेच नोकरी धरली आणि डॅनियलशी लग्न केलं. लग्न करून मग फोन केला. भालूचा त्या मुलाला विरोध नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. त्याला लागलं ते वेगळंच. 'निकाल लागल्यावर कळवलं रे मला,' तो म्हणाला होता. 'सामना चालू असताना बापाला सांगावंसं नाही वाटलं.' मंजिरीची आई ती कॉलेजात असतानाच गेलेली. घरात दोघंच, आणि दोघंही सारखीच हट्टी. चार वर्षं तो तिच्याशी धड बोलला नाही. पण तिच्या विद्यापीठाचा एकही सामना त्याने चुकवला नाही. समालोचक त्या गावाचं नाव घ्यायचा तेव्हा भालू कप खाली ठेवून ऐकायचा. मी बघितलं नाही असं दाखवायचो.

मग त्या वर्षी सप्टेंबरात मंजिरीचा निरोप आला. शेवटच्या सामन्याची दोन तिकिटं तिने काढली होती, एक तिचं आणि एक बाबांचं. 'दुसरं काही बोलायला नको, नुसते शेजारी बसून सामना बघू,' असं तिने लिहिलं होतं. व्हिसा त्याच्याकडे जुना होताच. भालूने तो निरोप मला चार वेळा वाचून दाखवला. हिवाळ्यात येणारे तिबेटी स्वेटरवाले त्या वर्षीचे अजून आलेही नव्हते, तरी त्याने कुठून तरी तांबडी माकडटोपी पैदा केली. आणि एका रविवारी, सामना संपल्यावर, फाफड्याचा तुकडा हातात तसाच धरून त्याने मला विचारलं, 'अरविंद, जाऊ का?'

शालिनी त्याच श्रावणात गेली होती. निखिल तिकडेच, घरात मी एकटा. सोमवार ते शनिवार कसे जातात याचा मला पत्ता नसे, फक्त रविवारी पावणेसहाला फाटक वाजलं की आठवडा सुरू झाल्यासारखा वाटायचा. भालू गेला तर दोन-तीन महिने जाणार. कदाचित लेक ठेवूनच घेईल. तो फुटबॉलबद्दल विचारत नव्हता, हे मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. त्याला कुणीतरी 'जा' म्हणून पाठीवर हात मारायला हवा होता, बस. आणि मी फुटबॉलचं उत्तर दिलं.

'या वर्षी कशाला?' मी म्हणालो. 'चार सामने हरलेत तुझे टमाटर. हा कोच डिसेंबरात घरी जाणार. थंडीत कुडकुडत पोरीदेखत मार खाताना बघणार आहेस? पुढच्या वर्षी नवा कोच येईल, तेव्हा जा. ऐटीत जा.'

तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, 'हो ने. ते पण खरंच.' आणि तुकडा तोंडात टाकला.

नोव्हेंबरचा तो शेवटचा रविवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. तांबडे तीन गुणांनी मागे, शेवटची काही सेकंदं, चौथा प्रयत्न, यार्डभर अंतर. बरोबरी साधायला सोपी किक समोर होती. मी म्हणालो, 'बघ आता, कारकून लाथ मारणार.' आणि त्या भित्र्या माणसाने, ज्याला मी बारा वर्षं भित्रा म्हणत आलो त्याने, बॉल पुढे न्यायला सांगितलं. तांबडे जिंकले. भालूने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या पटेलांची खिडकी उघडली. त्याने मला मिठी मारली, दोन्ही टोप्या हवेत उडवल्या. पडद्यावर हजारो माणसं मैदानात धावत सुटली होती. भालू एकदम खाली बसला. पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाला, 'यात मंजू आहे कुठेतरी.'

तासाभराने तिचा फोटो आला. स्टेडियममधली तिची रांग, आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलेली एक तांबडी टोपी. सोबत एक अक्षर नाही. भालूने फोटो मला दाखवला, मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाला, 'चाल, आज फाफडा तुझा.' मी आणायला गेलो. रांगेत उभा राहून ठरवलं, आता परत जाऊन सांगतो. परत आलो, तांबडी टोपी घातली, जलेबी खाल्ली... आणि कोच किती नशीबवान यावर बोललो.

'पुढच्या वर्षी' साऱ्या जगाची दारं बंद झाली, विमानं जमिनीवर आली. त्याच्या पुढच्या वर्षी भालूचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला कायमची मनाई केली. मंजिरी ऑपरेशनला येऊन गेली, बापलेक बोलायला लागले, दर रविवारी फोनवर गुणांची चर्चा व्हायची. मी स्वतःला समजावलं की सगळं मार्गी लागलं. भालूने मला कधी एका शब्दाने टोचलं नाही. कोणी विचारलं तर तो सांगायचा, 'मीच नाही गेलो. कोच बरोबर नव्हता.'

शेवटचा भेटलो तेव्हा तो पलंगावर उशांना टेकून बसला होता. 'डॉक्टरला सांगितलंय, सीझनपर्यंत ओढ म्हणून,' तो हसत म्हणाला. 'नवा कोच कसा वाटतो तुला?' खोलीत आम्ही दोघंच होतो. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हणालो, 'बचाव कच्चा आहे त्याचा.' त्याने डोळे मिटून मान हलवली. नंतर आम्ही बराच वेळ बचावाबद्दल बोललो.

तेराव्यानंतर मंजिरी माझ्याकडे आली. रजिस्टर माझ्यापुढे ठेवून म्हणाली, 'हे तुमच्याचकडे राहू दे, काका.' मग उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. 'एक विचारू? त्या वर्षी बाबा का नाही आले? मला सांगितलं, कोच बरोबर नव्हता. काका, कोचमुळे कुणी लेकीकडे जायचं थांबतं का? राग गेला नव्हता ना त्यांचा माझ्यावरचा?'

मी तिला विचारलं, 'चहा घेतेस?'

ती दोन दिवसांनी परत गेली. मंजू, तू हे वाचशील म्हणून वर्तमानपत्रात लिहितो आहे. फोनवर मी पुन्हा चहाचंच काढलं असतं. तुझा बाप तुझ्यावर रागावलेला नव्हता. तुझा निरोप त्याने मला चार वेळा वाचून दाखवला, आणि ती माकडटोपी त्याने पिशवीत नाही, डोक्यावर घालून माझ्या घरी आणली होती, भर उकाड्यात. तो निघालाच होता. मी अडवला.

ती गेल्यावर मी रजिस्टर उघडून त्या नोव्हेंबरचं पान काढलं. त्याचं ठसठशीत अक्षर. सामन्याच्या सगळ्या घटना, सगळी कारणं, शेवटी 'तांबडे विजयी. कारण : कोचला अक्कल आली.' आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ. 'मंजूकडे जाणं राहिलं. कारण :' ... पुढे काही नाही. पुढे नुसती सही.

कारणाशिवाय कुणाला घरी न सोडणारा माणूस. 'कोच बरोबर नव्हता' हे तो साऱ्या गावाला सांगत होता, पण रजिस्टरमध्ये खोटं लिहिणं त्याच्याच्याने झालं नसावं. आणि खरं लिहायचं, तर तिथे माझं नाव आलं असतं. म्हणजे त्याला कळलं होतं. बहुधा तेव्हाच, फाफड्याचा तुकडा हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला होता तेव्हाच. मी एकटा पडेन म्हणून तो थांबला, आणि पुढे सहा वर्षं दर रविवारी माझ्यासमोर बसून त्याने मला ते कळूही दिलं नाही.

सीझन चालू आहे. पावणेसहाला जाग येते, मी दोन कप चहा टाकतो, दुसरा तसाच निवतो. रजिस्टर त्याच्या खुर्चीवर असतं. गेल्या रविवारी मी पेन घेतलं आणि तो रकाना भरला : 'अरविंदने जाऊ दिलं नाही. कारण त्याला एकटं राहायचं नव्हतं.' खाली माझी सही केली. मग त्या खुर्चीकडे बघून, सहा वर्षं घशाशी आणून गिळलेलं वाक्य बोलायचा प्रयत्न केला. घरात ऐकायला कोणी नव्हतं, तरीही अर्ध्यावर थांबलो आणि चष्मा शोधायला उठलो. इथे लिहून ठेवतो. भालू, तू मला विचारलंस तेव्हा मी फक्त 'जा' म्हणायला हवं होतं. मला माफ कर.