वैनगंगेत टाकलेला मुखवटा

पहिल्या वेळी नागपूरहून परत आले तेव्हा मांडीवर तो मुखवटा होता. पांढऱ्या प्लास्टिकच्या जाळीचा. गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबतात, थंड झाला की त्याला आपलंच नाक, आपलीच हनुवटी येते. मग तो टेबलाला पक्का करतात, म्हणजे डोकं हलत नाही आणि किरण नेमके गाठींवर पडतात. छातीचा कॅन्सर माझ्या मेंदूत पोचला होता. मुखवटा मी तिथल्या लोकांकडून मागून आणला. त्याच्या आत मी न हलता पडून राहिले होते, ती माझी कमाई.

भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, तो वैनगंगेत टाकून दिला. बिमारी गेली, तिचं सामान घरात कशाला, म्हणून. मला विचारलं नाही. विचारणार तरी कसे? आमच्यात सून भासऱ्यांशी बोलत नाही. डोक्यावर पदर, मान खाली, निरोप नवऱ्याच्या तोंडून. सातवीत शाळा सुटली आणि वाशीमकडून इतक्या लांब बालाघाटला दिली, तेव्हापासून या माणसाशी मी एक शब्द बोलले नव्हते. आणि स्वतःची जीप काढून मला नागपूरला नेणारेही तेच, दवाखान्याच्या पायरीवर उपाशी बसून राहणारेही तेच. त्यांचे उपकार आठवायचे आणि राग गिळायचा, असं चाललं होतं.

या खेपेला तपासणीत मेंदूत नवीन ठिपका, म्हणजे नवी गाठ, निघाला. जुने आकसले होते, हा दुसऱ्या जागी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान आहे, तेवढ्यावरच पुन्हा किरण देता येतील. सूज येऊ शकते, पण उशीर करू नका.

घरी आलो. भासरे ओसरीत बसले, मी दाराआड उभी. ते नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, एकदा डोकं शेकलं, बस झालं. दुसऱ्यांदा शेकलं त दिमागच जाईन. किरनापूरले एक जण जडीबुटी देते."

"हौ दादा," नवरा म्हणाला.

त्या 'हौ'नं माझ्या अंगाची आग झाली. दोघं मिळून माझं मरण ठरवत होते, आणि तेही मायेनं. मी बाहेर आले.

"भाऊजी, डोकं माहं हाय. मले इचारा."

नवरा गडबडला. "अवं, आत जाय तू."

"तुम्ही गप बसा. तुमचं हौ बहुत झालं."

भासऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "तिले म्हणा, आमी तिच्या भल्याचंच..."

"भिंतीले काहून सांगता? मी इथं उभी हाय. माहा मुखवटा फेकला तवाबी भलंच केलं होतं न? गेली का बिमारी वाहून?"

त्यांनी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी बाजूला ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं. "अन् तुनं आमाले ओळखलं नाही त?"

एवढं भेव त्यांच्या पोटात होतं, हे मला ठाऊक नव्हतं. तरी राग हटला नाही.

"ते इचारलं मी डॉक्टरीणबाईले. पुरं डोकं नाही शेकत, ठिपक्यावरच देतात. भेव मलेबी हाय. पण मी जाणार."

ठरलेल्या दिवशी भासऱ्यांनी जीप दारात आणली. नवरा पुढे बसला, मी मागे. खड्ड्यांत गाडी आदळली तशी डोक्यात कळ गेली. पूर्वी मी नवऱ्याच्या खांद्याला हात लावून निरोप दिला असता.

"भाऊजी, हळू चालवा," मी म्हणाले. "मले मळमळ होते."

त्यांनी गाडी हळू केली.